प्रभुअण्णांचा टॉवेल

प्रभुलिंग अण्णा बसत नाहीत. हुमनाबाद रस्त्यावरच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं डायनमो दुरुस्तीचं दुकान आणि माझं बॅटरीचं, मध्ये एक पत्रा. सतरा वर्षं झाली, तेव्हा मी सांगतोय ते ऐकीव नाही. त्यांच्या दुकानात खुर्ची एकच. तिच्यावर गिऱ्हाईक बसतं, गिऱ्हाईक नसलं की मी. ते चहा उभ्यानं घेतात, डबा उभ्यानं खातात आणि फोनवर बोलता बोलता रस्त्यापलीकडच्या दाल मिलपर्यंत जाऊन येतात. दिवसातून एकदाच बसतात म्हणे, पहाटे गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला. ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा त्यावर विश्वासही नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे गाडी दुरुस्त होऊन गेल्यानंतरचे दोन तास. तेव्हा त्यांच्या येरझाऱ्या सुरू होतात.

"आता हळ्ळीखेड आलं असंल बघ."

"अण्णा, गाडी गेली. आता तिचं ती बघून घेईल."

"तुझी बॅटरी बंद पडली तर तू वारंटीचं कार्ड दाखवतूस, राघोबा. मी काय दाखवू?"

मी मंठाळचा. आमच्याकडे बैल विकला की दावं हातात घेऊन घरी यायचं, बैलाच्या मागं जायचं नाही. अण्णा मात्र प्रत्येक गाडीच्या मागं मनानं कलबुर्गीपर्यंत जाऊन येतात. फुकटची वणवण. मी त्यांना तोंडावर तसं म्हणतो, आणि ते ऐकत ऐकत दाल मिलकडं चालू लागतात.

आता त्या टॉवेलाचं सांगतो. त्यांचे वडील गुरुशांतप्पा शेतीपंपाच्या मोटारी बांधून द्यायचे. त्यांच्या गळ्यातली चांदीची डबी आता अण्णांच्या गळ्यात आहे, आत अण्णांचं स्वतःचं इष्टलिंग. ते अंगावरून उतरवायचं नाही, आणि कधी हरवलंच तर सापडेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. पण धंदा असा की दिवसभर इंजिनात वाकायचं. वाकलं की डबी पुढं लोंबते, आणि डायनमोच्या मागच्या बोल्टाला बॅटरीची तार थेट आलेली असते, गाडी बंद असली तरी जिवंत. तो बोल्ट आणि शेजारचं लोखंड यांना एकाच वेळी चांदी टेकली तर आगच. दुसरा कोणी गळ्यातलं खुंटीला अडकवून मोकळा झाला असता. अण्णा डबीचा दोरा डोक्याभोवती गुंडाळतात, डबी टाळूवर ठेवतात आणि वरून टॉवेल घट्ट बांधतात. काम संपून हात धुतले की मगच टॉवेल सुटतो. घाम डोळ्यांत उतरला तरी तो पुसायलासुद्धा सुटत नाही.

मे महिन्यात एका ट्रकच्या पाठीवरून ती गाडी आमच्या दारात उतरली. लालभडक, दोन सीटांची, गुडघ्याएवढी उंच. आख्खी वसाहत गोळा झाली. अण्णांनी ऐटीत पुढचं झाकण उघडलं, तर आत बॅग ठेवायची जागा आणि एक मोडकी छत्री. इंजिन सीटांच्या मागं होतं. मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

गाडीची मालकीण प्रेरणा, वय तिशीच्या आतलं. कलबुर्गीच्या पुढच्या खजुरी गावच्या शेतकऱ्याची मुलगी, हैदराबादला नोकरीला. बारा वर्षं वापरलेली गाडी तिनं स्वतःच्या कमाईतून घेतली होती आणि पहिल्यांदाच गावी न्यायला निघाली होती. वाटेत दिवे मंदावले, मग गाडी बंद. कंपनीवाल्यांनी फोनवर सांगितलं की नवा डायनमो परदेशातून येईल, दोन महिने लागतील, एक लाख साठ हजार पडतील.

"एवढ्यात आमच्या अप्पांनी दोन इंजिनं बांधली असती ट्रॅक्टरची," ती म्हणाली. "अण्णा, बाजारातला दुसरा बसतंय का ह्याला?"

"बसतंय. टिकतंय का न्हाई ते बसवल्यावर सांगतो."

"टिकाया पायजे. अप्पा म्हणायलेत, दोनच सीटा हायेत तर घेतलीस कामून? मी म्हणलं, एक माझी, एक तुमची."

हे ऐकलं आणि अण्णा जे उठले (म्हणजे उभेच होते, पण मनानं उठले), ते थांबलेच नाहीत. जुना डायनमो खोलला तर आतली तार जळून कोळसा. हैदराबादच्या एका ओळखीच्या दुकानदारानं बसच्या पार्सलमधून चौदा हजारांचा एक डायनमो पाठवला, दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी केलेला. ताकद तेवढीच, पण बोल्ट घालायचे कान दोन बोटं इकडं. अण्णांनी लेथवर जाऊन लोखंडी वायसर कातून आणला, जुन्याची पुली काढून नव्याला चढवली. मागच्या जिवंत बोल्टावर रबरी टोपी असते, ती ह्या स्वस्तातल्या मालाबरोबर आलीच नव्हती. अण्णांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, बोल्टावर दुहेरी गुंडाळला आणि तारेनं आवळला. मी म्हणालो, एवढ्या देखण्या गाडीला सायकलची ट्यूब? त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला गाडी सुरू झाली. सगळे दिवे, एसी, पंखा लावून अर्धा तास चालवली. मीटरवर काटा चौदा व्होल्टवर, हलायला तयार नाही. समोरच्या पट्टीवरचा लाल दिवा विझला तशी प्रेरणानं टाळी वाजवली. पोरं फोटो काढायला लागली. त्या गडबडीत अण्णांना दिसलं की इंजिनाच्या कडेच्या लाल रंगावर त्यांच्याच पंज्याचा काळा छाप उठलाय. ट्रकवर पंजा उठला तर ट्रकवाल्याला तो दिसतही नाही. पण ही गाडी मुलगी बापाला दाखवायला चालली होती. अण्णांनी डोक्याचा टॉवेल ओढला आणि छाप पुसला, दोनदा, तोंडाची वाफ मारून. मग झाकण लावलं.

"पैले शंभर किलोमीटर साठच्या वर न्यायची न्हाई, अक्का. आन् फोन आला तर थांबून घ्या."

"गाडी चालवताना मी फोन बघतच न्हाई, अण्णा."

"शाबास," अण्णा म्हणाले.

गाडी गेली आणि येरझाऱ्या सुरू झाल्या. अर्ध्या तासानं त्यांनी जेवणासाठी हात धुतले आणि सवयीनं छातीवर हात ठेवला. मग डोक्यावर ठेवला. मग टॉवेल उचलून झटकला. मी पत्र्याच्या फटीतून पाहत होतो. त्यांनी गाडी उभी होती तिथली माती दोन्ही हातांनी चाळली. तेव्हा मी पलीकडं गेलो.

"इंजिनात पडलंय," ते म्हणाले. आवाज नव्हता, नुसते ओठ.

मला आधी वाईट वाटलं ते त्यांच्या देवाचं. तेही होतंच. पण पुढचं लगेच डोक्यात आलं: चांदीची डबी, जिवंत बोल्ट, हात-दीड हातावर पेट्रोलची नळी, आणि पुढं सीटवर बसलेली पोरगी. खड्ड्यात एकदा गाडी आदळली की डबी कुठं सरकेल कोण सांगणार. फोन लावला. वाजत राहिला. तिनं खरंच पाहिला नाही.

माझी मोटरसायकल काढली. चालवायला अण्णा, कारण त्यांच्या मागं बसणं परवडलं, त्यांना मागं बसवून त्यांची तगमग सोसणं परवडलं नसतं. बेचाळीस अंशांच्या उन्हात हुमनाबादच्या रस्त्यानं ते ट्रकांना डावीकडून ओलांडत होते. मी मनातल्या मनात सगळे देव बोलावले, माझे आणि त्यांचेही.

हळ्ळीखेडच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला काळा धूर दिसला. अण्णांचे खांदे माझ्या हाताखाली दगडासारखे झाले. जवळ गेलो तर कोणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, शेजारी म्हातारा काठी घेऊन उभा. अण्णांनी गाडी थांबवली, रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. पोटात काही नव्हतंच. मी पाण्याची बाटली पुढं केली.

"न्हाई."

"चूळ तरी भरा."

"न्हाई म्हणलं ना."

मग मीही पिऊ शकलो नाही. घसा कोरडा पडला होता आणि मला त्यांचा मनापासून राग आला होता, हे मी लपवत नाही. एका छापासाठी डोक्यावरचा टॉवेल ओढायचा? कशाला हवी होती ती ऐट?

हुमनाबादला पेट्रोल पंपावर कळलं, लाल गाडी वीस मिनिटांपूर्वी गेली. तिथं मी एक सुचवलं.

"अण्णा, गाडी गावली की म्हणा, नट आवळायचा राहिला म्हणून आलो. डबी गुपचूप काढून घ्या. न्हाईतर उद्या बाजारात एकच बोलणं: प्रभूच्या हातून गाडी गेली तर जीव जाईल. तीस वर्सांचं नाव जाईल."

त्यांनी गाडीला किक मारली.

कमलापूरला लाल केळींच्या हातगाड्यांसमोर ती गाडी उभी होती. शाबूत. प्रेरणा केळीवालीशी भाव करत होती. गाडीचं इंजिन चालूच होतं, बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीनं.

अण्णा धावत गेले. "किल्ली फिरवा, अक्का. बंद करा. लांब सरका."

तिनं बंद केलं. "काय झालं?"

मी नटाचं सांगायला तोंड उघडलं. अण्णांनी मला हातानं मागं सारलं.

"माझी चूक झाली. माझा देव तुमच्या इंजिनात ऱ्हायलाय."

झाकण उघडलं. दोरा पुली फिरवणाऱ्या पट्ट्यानं मधेच कापला होता, त्याचे दोन धागे पुलीला चिकटलेले. डबी डायनमोच्या मागं होती, इंजिनाचं लोखंड आणि तो बोल्ट यांच्या बेचक्यात, सायकलच्या ट्यूबला टेकून. ट्यूबला एका जागी बारीक भोक पडलं होतं. अण्णांनी डबी काढली, टॉवेलात घेतली आणि कपाळाला लावली.

केळीवालीनं न विचारता घागर दिली. अण्णांनी हातपाय धुतले, खिशातल्या पुडीतली विभूती कपाळाला लावली आणि रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, तोच टॉवेल अंथरून बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर. ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, धूळ उडत होती. सतरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा असं स्वस्थ बसलेलं पाहिलं. पंधरा मिनिटं त्यांच्या पापणीशिवाय काही हललं नाही. मला रडू आलं, का ते माहीत नाही. एक रिक्षावाला तिथंच गाडी लावून गाणी वाजवायला लागला, त्याला मी जरा जास्तच रागावून हाकललं.

पूजा झाल्यावर अण्णा घागरीतलं पाणी घटाघटा प्याले. मग त्यांनी रिकामी डबी उलटी करून प्रेरणाला दाखवली. बुडाला मसुराच्या दाण्याएवढा काळा डाग होता, चांदी वितळून बसलेली.

"हे बघा. एकदा टेकलंय. ट्यूबमुळं ठिणगीवर भागलं."

मी कपाळावर हात मारला. ते दाखवायची काय गरज होती? कोणीही मागितलं नव्हतं. प्रेरणा डागाकडं पाहत राहिली, मग गाडीकडं. तिचा चेहरा उतरला. हातातली केळी तिनं गाडीच्या टपावर ठेवली आणि दोन पावलं मागं झाली. आता ती ह्या गाडीत बसणार नाही, आणि बापाला तर नाहीच नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. अण्णांनाही दिसत होतं.

त्यांनी पुन्हा इंजिनात डोकं घातलं. ह्या वेळी इष्टलिंग परत आत ठेवून, उरलेल्या दोऱ्याला गाठ मारून डबी टाळूवर, वर टॉवेल, आणि टॉवेलावर मला बोट ठेवायला लावलं. बॅटरी सोडली, ट्यूब नवी गुंडाळली, माझ्याच मोटरसायकलच्या डिकीतल्या तुकड्याची. पट्टा तपासला, पुलीचे धागे वेचले, बॅटरी जोडली.

"अक्का, तुम्ही जावा. मी कलबुर्गीपर्यंत तुमच्या मागं मागं येतो."

तिनं टपावरची केळी उचलून घेतली. मग तिनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"मागं कामून? शेजारी बसा."

"ती सीट अप्पाची हाय."

"म्हणूनच. आधी तुम्ही बसा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडून मोटरसायकलची किल्ली घेतली. ते वाकले, गुडघे पोटाशी घेत त्या बुटक्या सीटवर बसले. एक हात छातीवर, गाठ मारलेल्या दोऱ्यावर. प्रेरणानं सेल्फ मारला. गाडी एका दमात सुरू झाली.

मी त्यांच्या मागं निघालो. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. त्यांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, तो चौदा हजारांचा डायनमो फिरत होता. कलबुर्गी येईपर्यंत अण्णांनी मान वळवून एकदाही इंजिनाकडं पाहिलं नाही. मी सबंध वाटभर बघत होतो.