बारा दगड, अकरा बायका

रविवारी सकाळी खालापूर तालुक्यातल्या एका फाट्यावर, नव्याकोऱ्या ओट्यावर बसून मी पोटभर करवंदं खाल्ली. पैसे द्यायला गेले तर ओरडा खाल्ला तो वेगळाच. पण ही पोस्ट करवंदांची नाही, त्या ओट्याची आहे... आणि आज मी थोडा भाव खाणार आहे, चालवून घ्या.

मी कर्जतच्या कोर्टात वकिली करते. वाटण्या, हद्दी, वहिवाट... दिवसभर दुसऱ्यांच्या सातबाऱ्यात डोकं. माझ्या स्वतःच्या नावावर मात्र कुंडीभर मातीसुद्धा नाही, यावरून घरचे यथेच्छ चिडवतात.

चिडवायला त्यांच्याकडे आणखी एक विषय होता. एलएलएमला मी आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांचा कायदा घेतला होता. म्हणजे परदेशी बँका आपल्यासारख्या देशांना रस्ते, धरणं, वीज यासाठी जी कर्जं देतात, त्यांचे नियम. "कर्जतला त्याचं काय लोणचं घालणार?" असं आमचे सीनियर म्हणायचे. मी तोंडावर हसायचे, आतून चरफडायचे.

तर दोन वर्षांपूर्वी भीमाबाई माझ्या ऑफिसात आली. या फाट्यावर आंब्याखाली ती धरून अकरा बायका रानमेवा विकायला बसायच्या. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसाळ्यात शेवळं, कंटोली अशा रानभाज्या... वर्षाची मीठमिरची त्यावर. रस्ता रुंद होणार होता आणि आंब्याखालची जागा जाणार होती. बाजूच्या दुकानदारांना नवे गाळे मिळणार, पण यादीत या अकरा जणींचं नावच नव्हतं.

"आमी तितं बसतच नाय, असं लिवलंय म्हनं," भीमाबाई म्हणाली. रडली नाही, चिडलेली होती. मला अशी अशिलं आवडतात.

मी रस्त्याच्या प्रकल्पाच्या ऑफिसात गेले. साहेबांनी सातबारा मागितला. नाही. पावती? नाही. "मग हे अतिक्रमण झालं, मॅडम," म्हणत त्यांनी सर्व्हेचा रिपोर्ट पुढे सरकवला. त्यात आंब्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'मोकळी जागा'. सर्व्हे कधी केला, तर ऐन भाताच्या झोडणीत. तेव्हा या बायका खळ्यावर असतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझं डोकंच फिरलं.

त्या फोटोची कॉपी मी भीमाबाईला दाखवली. ती बघतच राहिली आणि मग हसायला लागली. "अगं बाय, आमचे दगड हायत की हे."

आंब्याखाली दगड ओळीने मांडलेले. प्रत्येकीचा दगड ठरलेला, सासूनंतर सुनेचा. दुसरीच्या दगडावर कुणी बसत नाही, ती महिनाभर आली नाही तरी. सर्व्हेवाल्याने त्यांच्या अख्ख्या वहिवाटीचा फोटो काढून खाली 'मोकळी जागा' लिहिलं होतं.

आता माझा तो लोणचं न घातलेला विषय कामी आला. रस्त्याला कर्ज एका परदेशी बँकेचं होतं, आणि कर्ज घेताना सरकारने तिच्या अटींवर सही केलेली असते. त्यातली एक अट अशी, की जागेचा कागद नसला तरी ज्याचं पोट त्या जागेवर आहे त्याची सोय लावायची. बँकेकडे तक्रारही स्वतःच्या भाषेत करता येते. मी मुद्दाम मराठीत लिहिली... खाली अकरा जणींच्या सह्या, अंगठे, आणि सोबत सर्व्हेवाल्यांचाच तो फोटो.

काही महिन्यांनी दिल्लीहून बँकेच्या एक अधिकारी बाई आल्या, बरोबर दुभाषा. प्रकल्पाचे साहेबही होते. साहेबांनी फोटोतले दगड मोजले आणि खूश झाले. "दगड बारा, बायका अकरा. यांना आणून बसवलंय हो."

दगड मी मोजलेच नव्हते... वीस वर्षांची वकिली आणि ही चूक.

अधिकारी बाईंनी एकेकीला लांब जीपपाशी बोलावलं. हातात फोटो देऊन विचारलं, कुठला दगड कुणाचा? मला तोंड उघडायची बंदी. माझ्यासाठी यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

अकरा जणींनी तीच अकरा नावं, त्याच क्रमाने सांगितली. आणि शेवटचा, बारावा? प्रत्येकीने तेच सांगितलं. काशीआजीचा. ती वारली, मागे ना लेक ना सून. "मग तिच्या जागंवर दुसरी कशी बसायची?" असं भीमाबाईने त्यांनाच उलट विचारलं.

अधिकारी बाईंनी फाइल मिटली. रचून आणलं असतं तर आकडा जुळवून आणला असता, एवढंच त्या साहेबांना म्हणाल्या. साहेब आंब्याकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे बघत बसले, अगदी मनसोक्त.

पुढे यादीत अकरा नावं चढली. आंबा गेला, त्याचं वाईट वाटतंच. पण नव्या रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली हा ओटा झाला, शेजारी पाण्याचा नळ.

रविवारी मी पोचले तर गुळगुळीत सिमेंटच्या ओट्यावर ओळीने दगड. बायकांनी टेंपोत घालून आणले होते, जुन्याच क्रमाने मांडले होते. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस कपाळाला हात लावून उभा होता.

मी उभीच राहिले. बसणार कुठे, सगळ्या जागा ठरलेल्या... तर भीमाबाईने शेवटच्या दगडावरची धूळ पदराने पुसली. "बसा वकीलबाई. काशीआजीला चालंल, आमी सगळ्यांनी ठरवलंय."

मी बसले, आणि करवंदं खात राहिले.

घरच्यांनो, आता चिडवणं बंद. माझ्याही नावावर जागा आहे. सातबारा मागू नका... त्या अकरा जणींना विचारा.