बिनमिरचीचं भरीत

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं. मी बुऱ्हाणपुरात पोलीस थाना प्रभारी होतो. रविवारी सकाळी हजेरी आटोपतेय तोच फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साब, इतवारा मोहल्ल्यातून एका गोऱ्या पोराला टेम्पोत टाकून नेलं. पोरगा ओरडत होता."

शहरात गोरा पोरगा एकच होता. शाळेच्या अदलाबदल योजनेतून आलेला, सोळा वर्षांचा, राजपुऱ्यात एका केळी व्यापाऱ्याकडे राहणारा. बदल्यात व्यापाऱ्याची मुलगी त्याच्या देशात शिकायला जाणार होती. विदेशी, वर अल्पवयीन! नाकाबंदी लावली आणि राजपुरा गाठला.

व्यापारी दारातच म्हणाला, "झोपलाय साहेब. ताप आहे."

"दाखवा."

पलंग रिकामा.

"मग शाळेत गेला असेल."

"तापात? आणि रविवारी?"

मग खरं बाहेर आलं, तेही अर्धंच. योजना चालवणाऱ्या संस्थेच्या परवानगीशिवाय पाहुण्याला शहराबाहेर न्यायचं नाही, असा नियम. तो मोडला तर मुलीची जागा जायची. बापाला पोराचा पत्ता नव्हता, पण पोरगा हरवण्यापेक्षा ते संस्थेला कळण्याची भीती जास्त! मुलगी हळूच म्हणाली, "मामा सुबह केळी उतरवायला आला होता, अंकल." बापाने तिच्याकडे डोळे वटारले.

मामा जवळच्या जसोंडी गावचा. दुसरी खेप घेऊन मंडीत आलेला सापडला. थान्यात बसवून विचारलं तर म्हणतो, "गोरा? साब, मी तर गोरा बैलही नाही पाळला."

"मामा, अपहरणाचा गुन्हा लिहायला मुंशीला बसवू? भाची जाईल परदेशात, तुम्ही जाल जेलात."

"जेल चालेल साब. भाचीचं नुकसान माझ्या तोंडून नाही होणार."

सराईत चोर यापेक्षा लवकर बोलतो. गाडी काढून मी जसोंडीला गेलो. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, "गोरा? इथे? नाही बा!" अख्खं गाव फितूर!

मामाच्या अंगणात मामी कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती. एका पातेल्यात हिरव्यागार मिरचीचं भरीत आणि बाजूला एका वाटीत पांढरंफटक.

"हे कोणासाठी, वहिनी?"

"बाळंतीण आहे घरात. तिला तिखट नाही चालत."

"बाळंतिणीला वांगं? माझी आई खेड्यातलीच होती, वहिनी. सव्वा महिना वांग्याचं नाव घेऊ देत नसे."

तिने जीभ चावली आणि पदर तोंडाला लावून केळीच्या बागेकडे बोट केलं.

पाहुणा बागेत चिखलाने माखलेला, डोक्याला गमछा, मजुरांबरोबर घड वाहत होता. गाडीत त्याच्याशी बोललो. आल्यापासून व्यापाऱ्याने त्याला जपलं होतं. काही होऊ नये म्हणून शाळा आणि सोफा, एवढंच. मामाकडे शेत पाहायचा हट्ट त्यानेच धरला होता. आणि टेम्पोत ओरडत का होता? आनंदाने!

तोवर मुलीला घेऊन थान्यात आलेल्या व्यापाऱ्याने हात जोडले. "साहेब, वर कळवू नका. पोरीचा सवाल आहे."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परदेश सोडा, भोपाळसुद्धा नोकरी लागल्यावर पाहिलं. त्या पोरीने जावं असं मलाही वाटत होतं. पण खोटा अहवाल मी देत नाही, हे त्याला सांगितलं.

तेवढ्यात मुलगीच पुढे आली. "बस करा ना पप्पा. मी मॅडमला फोन लावते." माझ्या टेबलावरूनच तिने संस्थेच्या बाईंना सगळं सांगितलं. बाईंचा आवाज मला ऐकू येत होता: "अगं, नातेवाइकाच्या शेतावरच जायचं होतं ना? काल विचारलं असतं तर कालच परवानगी दिली असती! जागा नाही जात तुझी. पण पुढच्या वेळी आधी फोन."

मी कपाळावर हात मारला. नाकाबंदी, धावपळ, गावभर खोटं, कशासाठी? एका फोनसाठी! मामाकडे पाहिलं तर तो म्हणतो, "मग आता घरी भरीत खायलाच चला साब. थंड होतंय."

नोकरीत पुष्कळ खोटारडे पाहिले. पण त्या दिवशी कळलं, प्रेमापोटी खोटं बोलणारा चोरापेक्षा जास्त पळवतो. त्याला मारता येत नाही, सोडता येत नाही, आणि आपलं काही चुकतंय हे त्याला पटतही नाही. पोरांना जग दाखवायची हौस सगळ्यांना. विचारायची मात्र लाज.

मुलगी वेळेवर गेली. काही महिन्यांनी तिने मोबाईलवर फोटो पाठवला: मागे बर्फाचा डोंगर, बाजूला तोच पोरगा. खाली एकच ओळ होती, "अंकल, विचारून आलेय."