सावलीतल्या कुंड्या

मी गाव सोडलं त्या सकाळी गावात टँकर आला. एस.टी. यायची आणि टँकर यायची वेळ एकच झाली. आईनं हंडा काखेत घेतला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुमे, नीट ऱ्हा. मला लायनीत जायाला पायजे." गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला ती पाठमोरी दिसली, बायकांच्या घोळक्यात शिरताना. बहात्तरच्या दुष्काळात नवीन लग्न झालेल्या पोरीची पाठवणी अशीच व्हायची. गावाकडं राहिलेल्यांना ते दिवस सांगायला नकोत. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना मात्र पुढचं ओळखीचं वाटेल.

आमचं गाव काष्टीच्या बाजाराचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. ह्यांची नोकरी उत्तरेकडच्या एका साखर कारखान्यात. जिल्हा तोच, नगर. पण दुपारनंतर गाडीच्या दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. पाटातून पाणी वाहत होतं आणि त्याच्या कडेला कुणीही हंडा घेऊन उभं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोरच्या क्वार्टरमधल्या साठेबाई रबरी पाइपानं झाडांना पाणी घालत होत्या. पानं लाल-पिवळी, ठिपक्याठिपक्यांची. ना फूल, ना फळ. पाणी कुंड्या भरून वाहिलं, पायऱ्यांवरून उतरलं आणि रस्त्यावर गेलं. मी आत जाऊन बादली आणली आणि त्यांच्या पायरीखाली लावली. साठेबाई हसल्या नाहीत, एवढं खरं. पाइप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या नळाला पाणी नाही का आलं?" मी नळ बघितलाच नव्हता. त्याला पाणी होतं.

त्यांचे यजमान कारखान्यात केमिस्ट. बाई पुण्याच्या, मनानं मोकळ्या. पोर्च असा ओकाबोका ठेवायचा नसतो, म्हणाल्या. आमच्या क्वार्टरची एक बाजू पश्चिमेला, तिथं दुपारी ऊन भाजायचं. दुसरी भिंतीच्या आडोशाची, कायम गार. उन्हाच्या बाजूला त्यांनी मला त्यांच्याकडचे ठिपक्यांच्या पानांचे क्रोटन दिले; सावलीत ठेवले तर त्यांचा रंग उतरतो, म्हणाल्या. सावलीसाठी मनीप्लँट, नेचे आणि कॅलेडियमचे कंद. चैत्रात ते कंद फुटले. मोठाली हिरवी पानं, मधोमध लाल शिरा. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा लळा लागला. सकाळी चहा व्हायच्या आधी मी पोर्चमध्ये जाऊन नवीन पान उलगडलं का ते बघायची.

तिकडे गावात वडील आणि भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आईही जायची. तिला ताप येऊन गेल्याचं कळलं तेव्हा मी ह्यांच्या मागं लागून तिला आणवली. पाऊस पडेपर्यंत तिला हलू द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. ती आली तेव्हा तिच्या हाताची हाडं मोजता आली असती. नळ सोडला की ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची, आणि मी बंद करेपर्यंत तिथून हलायची नाही.

एकदा मी बाजारात गेले होते. परत आले तर आई पोर्चच्या पायरीवर बसलेली, गळा दोन्ही हातांनी धरलेला. ओठ सुजून वर आलेले, तोंडातून लाळ गळत होती. मी विचारत राहिले, तिला बोलता येईना. तिनं घराच्या आत बोट दाखवलं. स्वयंपाकघरात पातेल्यात चिंच-गूळ आणि शेंगदाणे घातलेली अळूची भाजी होती. माझ्या घरात अळू नव्हतं. मी तशीच बाहेर धावले. भिंतीकडच्या कुंड्यांत कॅलेडियमचे नुसते देठ उभे होते.

माझ्या ओरडण्यानं साठेबाई आल्या. कुंड्या बघून पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, ते खायचं नसतं," त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिल्या. हे मला आधी सांगावं असं त्यांना सुचलं नव्हतं. पोर्चमधली झाडं कुणी शिजवील, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मलाही कुठं सुचलं होतं?

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं, कुंडीतली शोभेची झाडं. कंपाउंडर हसला आणि आईचं तोंड बघून लगबगीनं सुई काढायला वळला. इंजेक्शन दिलं, गार दूध घोट घोट पाजायला सांगितलं. चव बघण्यापुरताच भाकरीचा घास तिनं खाल्ला होता, म्हणून निभावलं. आधी मला वाढायचं म्हणून ती थांबली होती.

सूज उतरली, आवाज आला, तेव्हा तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"ह्ये खायाचं न्हाई, देवाला वाहायाचं न्हाई. मंग लावलंय कशापायी?"

"शोभेला."

"आन् पानी?"

"रोज घालते."

ती माझ्याकडं बघत राहिली. एखाद्या परक्या घरात चुकून शिरलेलं माणूस घरधनिणीकडं बघतं तसं. मग म्हणाली, "मला गावाकडं धाड."

"तिथं काय हाय खायाला?" माझ्या तोंडून आपोआप तिची बोली आली.

"सुकडी देत्यात कामावर. ती काय हाय त्ये तरी म्हाईत हाय."

मी रडले, ह्यांनी समजावलं, साठेबाईंनी तर हात जोडले. कॅलेडियमचे सगळे कंद उपटून त्यांनी स्वतः लांब नेऊन, पुन्हा फुटू नयेत असे खोल पुरले. आई कुणावरच रागावलेली नव्हती. साठेबाईंच्या पाठीवरून हात फिरवून ती गाडीत बसली. नळाच्या पाण्यापासून उठून माझी आई पुन्हा खडी फोडायला गेली आणि मी तिला अडवू शकले नाही.

पुढं पाऊस झाला. माझ्या बाळंतपणांना आई येत राहिली, पण माझ्या घरात ती कधी मोकळी झाली नाही. मी मंडईतून आणलेली पालकाची जुडीसुद्धा हातात धरून विचारायची, "ह्ये खायाचं हाय का गं?" बांधावरची प्रत्येक भाजी नावानिशी ओळखणारी बाई. मी "व्हय" म्हटल्यावरच ती निवडायला बसायची.

आई जाऊन खूप वर्षं झाली. माझी मुलं इथंच वाढली, माझी राखही इथल्याच पाटात जाईल. पोर्चमध्ये झाडं आहेत, उन्हाची उन्हात, सावलीची सावलीत. पाहुण्यांना मी त्यांची नावं सांगते. गावाकडं गेले की मात्र भावजयीला न सांगता बांधावर निघून जाते. घोळ, तांदुळजा, पाथरी, जे दिसेल ते खुडते आणि न धुता तसंच तोंडात टाकते. तिथं मला कुणाला काही विचारावं लागत नाही.