मामाचे दात, मामीचा घास

बिस्किटांच्या कारखान्यात माझ्या मामाला सगळे उंदीर म्हणायचे. काम तसंच होतं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट दाताखाली मोडायचं आणि आवाज ऐकायचा. "चव काय, कुणालाही कळते," तो ऐटीत सांगायचा. "सादळलेलं बिस्किट साखरेत घोळवून दे, कोणी दुसरं उचलणार नाही. निम्मं खाणं कानाने असतं." कानाचा त्याला भारी गर्व.

मामीही तसलीच. भातापेक्षा पातेल्याच्या तळाची कुरकुरीत खरवड तिला प्यारी. तिला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, गिळणं अधू झालं. सगळं वाटून, गाळून, गुळगुळीत करून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं. मामी तो लगदा जिभेने बाहेर ढकलायची. वजन उतरत चाललं. आणखी दोन किलो घटलं तर नाकातून नळी घालावी लागणार होती, आणि नळीचं नाव काढलं की मामी चांगल्या हाताने उशी भिरकावायची.

मग मामाने डोकं लढवलं. चमचा तिच्या तोंडात द्यायचा आणि तिच्या कानाशी स्वतः बिस्किट चावायचं. कुर्रम! मामीने घास गिळला.

"बघ, फसली!" मामा माझ्याकडे वळून हसला. मामीही अर्ध्या तोंडाने हसली. तिला सगळं कळत होतं. फसायचं तिनेच ठरवलं होतं.

नऊ दिवस वाटी रिकामी होत होती. मामाला चेव चढला. चमच्यामागून चमचा, बिस्किटामागून बिस्किट. घास गालात साठतोय, घशात घरघर होतेय, हे त्याला ऐकूच आलं नाही. कसं येणार? डोक्यात स्वतःच्याच दातांचा आवाज भरलेला. एवढा कानाचा पक्का माणूस! मला त्याचा अजून राग येतो, आणि मग माझाच येतो, कारण वाटी मीच भरून देत होते.

घास फुफ्फुसात उतरला. न्यूमोनिया झाला, नळी घातली. ती आता निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

काल भेटायला आलेल्या कोणीतरी टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला. मामीने त्याकडे बोट केलं, मग मामाचा जबडा धरून त्याचं तोंड आपल्या कानाकडे ओढलं. तिला नुसतं ऐकायचं होतं.

"नको गं," मामा म्हणाला. "नको."

ती ओढतच राहिली.