एनोडचा अर्थ

निकेलच्या टाकीवर वहिनीला अकरा वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर दिरानंच तिला मुलामा देण्याच्या कारखान्यात चिकटवलं. तो तिथला सुपरवायझर, म्हणून सगळा कारखाना तिला वहिनीच म्हणे. नळाच्या तोट्या हुकांना अडकवायच्या, टाकीत सोडायच्या, चकचकीत झाल्या की काढायच्या.

एकदा टाक्या तपासायला बाहेरून केमिस्ट आला. वहिनीनं विचारलं, "साहेब, टाकीतल्या या निकेलच्या पट्ट्यांना सगळे एनोड एनोड करतात, ते नाव कुणाचं?"

तो हसला नाही. "ग्रीक शब्द आहे, बाई. एनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरणारी. शब्द ठरवणाऱ्यानं मानलं, की वीज सूर्यासारखी पूर्वेकडून पश्चिमेला जाते. एनोडवरून द्रावणात शिरते ती उगवतीची बाजू, तुमच्या तोट्यांवरून बाहेर पडते ती मावळतीची."

"म्हणजे आमच्या तोट्या मावळतीला टांगलेल्या!" वहिनी हरखून गेली. घरी भाकऱ्या थापतानाही तेच घोळवत होती.

आठवड्यानं मालक गिऱ्हाइकांना घेऊन आले. दीर ऐटीत सांगू लागला, "एनोड म्हणजे निकेलचंच इंग्रजी नाव."

वहिनी बोलून गेली, "नाही हो भाऊजी, ग्रीक शब्द तो. वर जाणारी वाट."

गिऱ्हाइकं खो खो हसली. मालकही हसले. दिराचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला क्रोमच्या टाकीवर घातलं. तिथली विषारी वाफ ओढणारा पंखा कधीचाच बंद होता. तिनं दोनदा सांगितलं. "विदुषी ना तुम्ही? काढा शोधून उपाय," तो म्हणाला.

आधी नाकातून रक्त, मग खपल्या. चार महिन्यांत दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलं. श्वास घेतला की शिट्टी वाजे. सासू म्हणाली, "नाक वर करून बोललीस. भोग आता."

केमिस्ट पुन्हा आला तेव्हा ती धावतच गेली. "साहेब, तुमचं ऐकतील ते. पंख्याचं तेवढं सांगा."

त्यानं तिच्या नाकाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, चहा घेऊन उभ्या असलेल्या दिराकडेही पाहिलं. "बाई, माझं काम टाकीतल्या द्रावणापुरतं." कागदावर 'सर्व ठीक' लिहून त्यानं कप हातात घेतला.

त्या संध्याकाळी सासू करपट वासानं खोकत स्वयंपाकघरात आली. दूध करपून पातेलं काळं पडलं होतं. वहिनी चुलीकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर, शांतपणे भाजी निवडत बसली होती.