दोन्हीकडे काश्यप

माझे लग्न झालेच नव्हते, हे मला लग्नानंतर नवव्या वर्षी कळले. तोवर मी त्या माणसाच्या घरी स्वयंपाक केला, त्याची कपाशी वेचली, त्याची मुलगी जन्माला घातली आणि तो गेल्यावर बांगड्याही फोडल्या. इतके सगळे होऊन गेल्यावर सरकारने सांगितले की, बाई, तुम्ही त्याच्या कोणीच नव्हता.

आमची जात तापीकाठच्या शेतकऱ्यांची. आमच्यात सोयरीक जमवताना कूळ बघतात आणि देवक बघतात. माझ्या वेळी चुलते गाडी जुंपून पंधरा दिवस हिंडले. सारंगखेड्यापासून खाली तीन गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारून आले, की कुळे वेगळी, देवके वेगळी, सात पिढ्यांत कुठे नाते नाही. बघायचे ते नीट बघून झाले होते. गोत्र नावाची वस्तू आमच्या घरात नव्हतीच आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते.

ती वस्तू घरात आणली माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना बा म्हणायचो. त्या सुमारास जातीची परिषद भरली होती. आपण मूळचे क्षत्रिय, असा तिथे ठराव झाला. मग क्षत्रियांनी काय करायचे तर जानवे घालायचे, विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावायचा नाही आणि लग्नपत्रिका छापायच्या. बा आमच्या गावचे चिटणीस झाले. जानवे घालून घरी आले त्या दिवशी आईने साधेपणाने विचारले, "हाई धुवाले टाकानं का?" बा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण हेही सांगितले पाहिजे, की गावात मुलीला मराठी चौथीपर्यंत शिकवणारा तोच एक बाप होता. लोक नावे ठेवायचे तेव्हा बा म्हणायचे, मन्ही आंडेर, म्हणजे माझी लेक, वाचतेच राहील.

पत्रिकेचा मजकूर सांगायला नदीपलीकडचे भटजी आले. त्यांना त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचे होते. "गोत्र?" त्यांनी विचारले. बांनी चुलत्यांकडे पाहिले, चुलत्यांनी छपराकडे. भटजी म्हणाले, "ठाऊक नसेल तर काश्यप लिहा. ज्याला ठाऊक नाही त्याचे काश्यप." मग मुलाकडचे विचारले. बा म्हणाले, "त्यासले बी ठाऊक नही." "मग त्यांचेही काश्यप," म्हणून भटजींनी लिहिले आणि उठले.

एकाच गोत्रातली मुले म्हणजे शास्त्राने भाऊबहीण, हे तिथे बसलेल्यांपैकी एकट्या भटजींना ठाऊक होते, आणि आमच्या बाबतीत त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. पत्रिका तांबड्या शाईत छापून आली. वर दोन्ही व्याह्यांच्या नावांपुढे 'काश्यपगोत्रोत्पन्न क्षत्रियकुलावतंस'. बांनी तिला चौकट करून ओसरीवर लावली. आल्यागेल्याला वाचून दाखवायचे काम माझे होते.

नवरा चांगला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे कागद झाले त्यांत हे कुठेच नाही. त्याला अक्षर येत नव्हते आणि मला येते याचे भारी कौतुक. बाजारातून गूळ ज्या कागदात बांधून यायचा तो कागदसुद्धा झटकून माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "वाच, काय लिखेल शे." मी वाचायची, कसली तरी जाहिरात असायची, आणि तो भागवत ऐकावे तसा ऐकायचा. तापाने तीन दिवसांत गेला. मुलगी पाच वर्षांची होती.

दिवसकार्य आटोपल्यावर जेठांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, मला चार दिवस माहेरी जाऊन ये म्हटले. मी गेले. परत आले तेव्हा त्यांनी बैलांच्या कासऱ्याला धरून गाडी दारातूनच फिरवली. माझी भांडी आतच होती. मुलगी गाडीतून हात लांब करून तिच्या शेरडाला बोलावत होती.

बांनी फिर्याद केली. पोरीला नवऱ्याच्या घरात राहायचा आणि खायचा हक्क आहे, एवढीच. प्रत्येक तारखेला ते माझ्याबरोबर आले. पहाटे गाडी, मग नाव, मग पायी, ऊन असो की पाऊस. मी त्यांच्या मागून चालायची आणि मनात म्हणायची, असा बाप कोणाचा नसेल.

जेठांचे उत्तर कोर्टात आले ते मीच वाचले. त्यांनी आमची ती पत्रिका पुराव्याला लावली होती. दोन्हीकडे गोत्र एकच, सबब सगोत्र विवाह, शास्त्राने निषिद्ध, सबब रद्द. सदर बाई आमच्या भावाने ठेवलेली होती. सदर मुलगी अनौरस. हा शेवटचा शब्द मला चौथीपर्यंत कुठे लागला नव्हता, म्हणून वकिलांना विचारला. ते खाली बघून म्हणाले, "लग्नावाचून झालेली." वाचता येऊ नये असे मला आयुष्यात तेवढे एकदाच वाटले.

वकील मात्र निर्धास्त होते. त्यांनी बांना समोर बसवून समजावले, "अहो, हे सोपे आहे. सगोत्राची बंदी ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांना. शूद्रांना स्वतःचे गोत्रच नसते असे कायदा धरून चालतो. भटजींनी काहीही लिहिलेले असो, शूद्राचे लग्न त्या कारणाने रद्द होत नाही. तुम्ही जातीचे जाणते. उभे राहून एवढेच सांगा, की आम्ही शूद्र. पोरीचे लग्न पक्के, नातही औरस."

बा उठले. नावेत बसल्यावर पाण्याकडे बघत बोलले, "मन्हा तोंडथीन तो शब्द निंघाव नही."

मी म्हटले, "बा, एकच शब्द शे."

"एक शब्दमा माणूस मरी जास," ते म्हणाले.

मला त्यांचे दुःख कळत नव्हते असे नाही. तालुक्याच्या कचेरीत त्यांना आयुष्यभर जोड्यांजवळ उभे केलेले मी पाहिले होते. जानवे घातल्यापासून ते पायरी चढून वर जायचे. पण शूद्र म्हटल्याने आमच्या कपाशीची बोंडे लहान होणार नव्हती आणि विहिरीचे पाणी आटणार नव्हते. क्षत्रिय म्हटल्याने मात्र माझी लेक बेवारशी होणार होती. घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरले. आईनेही धरले. ते म्हणाले, बघू.

आमच्या शेतावर वेचणीला सातपुड्यातून माणसे उतरायची. त्यांतल्या एका बाईला मी हे सगळे सांगितले. तिने ओटीतला कापूस टोपलीत रिकामा केला आणि विचारले, तुमच्या गावाला ठाऊक नाही का, तू कोणाच्या घरात राहिलीस? ठाऊक आहे म्हटले. मग विचारता कोणाला, म्हणून ती हसली. मला तिचा फार राग आला.

साक्षीचा दिवस उजाडला. कोर्टात आधी मला उभे केले. मी आमच्या वकिलांनी सांगितले तसे मुन्सफसाहेबांना सांगितले, "आम्ही शूद्र आहोत." मला लाज वाटली नाही. जेठ तिकडे बाकावर बसून हसत होते. त्यांनीही त्या दिवसापुरते नवे जानवे घातले होते. त्यांच्या वकिलाने मला विचारले, "मग तुमच्या घरात जानवे कोण घालते, बाई?"

इथे माझी जीभ वळवळली. मी म्हणाले, "वडील घालतात. बैलावर झूल टाकली म्हणून तो यात्रेतला घोडा होत नाही."

सगळे कोर्ट हसले. पट्टेवाला हसला, मुन्सफसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी बांकडे पाहिले आणि माझे मलाच कळले, काय बोलून बसले ते. इतकी वर्षे मी त्यांना दोष देत आले, पण त्या वाक्याचा माझा वाटा मी कोणाच्या माथी मारत नाही.

मग भटजी उभे राहिले आणि खरे तेच बोलले. "यांना कसले आले गोत्र, साहेब? पत्रिकेत जागा रिकामी दिसू नये म्हणून लिहितो." ही साक्ष आमच्या सोयीची होती. आमचे वकील खूश झाले. पण बा तिथेच बसले होते आणि आधी लेकीचे, मग भटजींचे ऐकत होते.

त्यांना बोलावले. वकिलांनी विचारले, "तुमची जात शूद्र वर्णात मोडते, हे खरे ना?" बांनी माझ्याकडे पाहिले. मांडीवरच्या मुलीला मी उगाच सरळ बसवले, त्यांना दिसावी म्हणून. बांनी कोटाचे वरचे बटण काढले, आत हात घालून जानवे बाहेर ओढले आणि घरात कधी न बोललेल्या शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "आम्ही क्षत्रिय आहोत, साहेब. आमचे गोत्र काश्यप."

निकाल तिथेच लागला होता. कागद दीड महिन्याने आला. बाई काय जाणे, भटजींची साक्ष मोघम, जातीचा चिटणीस स्वतः सांगतो ते खरे धरले पाहिजे, असे त्यात होते. माझ्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा माझा बाप ठरला. जेठांनी गावात पेढे वाटले म्हणतात. कोणत्या आनंदात ते विचारायला कोणी गेले नाही.

पुढे, स्वराज्य यायच्या आदल्या साली, कायदाच झाला की गोत्र एक असले म्हणून लग्न रद्द होत नाही. वकील बाजारात भेटले तेव्हा त्यांनी बांना सांगितले. लागलेला निकाल उकरायला आमच्यात कोणाची छाती उरली नव्हती. वरातीमागून घोडे आले आणि घोड्यावर बसायला कोणी नव्हते. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी मास्तरांनी आजोबांचे नाव घातले होते, ते तसेच राहिले.

पण खरा निकाल लागला तो त्या कोर्टाच्या कागदानंतर, त्याच महिन्यात, आमच्या ओसरीवर.

खापर गावाकडून एका बिजवराची मावशी आली. माणूस आमच्याच जातीचा, बायको वारलेली, किराण्याचे लहानसे दुकान. कोर्टातली हकिगत त्याच्या कानावर गेली होती आणि त्याने डोके चालवले होते. मावशी बांना म्हणाली, "कोर्टनी सांगं ना, लगीन व्हयेलच नही. मंग हाई पाट कसा व्हई? सरळ लगीनच व्हई. तो पोरले बी नाव दी." मुलीलाही नाव देईन, असा निरोप होता त्याचा. मी आत दाराआड उभी होते. मला हवे होते का? हो, हवे होते. मी पंचविशीची होते. त्या माणसाला मी पाहिलेही नव्हते, पण माझ्या मुलीला नाव देतो म्हणणारा तो जगातला एकटा माणूस होता.

बांनी मावशीला पाणी दिले, चहा दिला आणि गाडीपर्यंत पोचवून परत पाठवले. आत येऊन हातपाय धुतले आणि पाटावर बसले. मी ताट मांडले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "विधवानं लगीन आपलामा व्हत नही."

मी विचारले, "कोन्ही विधवा, बा? कोना नावनी?"

आईने चुलीपुढून मला हाताने गप्प राहायची खूण केली. बांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "ते कोर्टनं व्हतं. हाई घर शे."

"मंग क्षत्रिय घरमाच ऱ्हावानं व्हतं," मी म्हटले. "कोर्टमा कसाले?"

त्यांनी ताट पुढे सरकवले. भाकरी मागितली, आणि मी वाढली.