केसावरची परीक्षा

सियालकोटच्या आमच्या कारखान्यात इनायत उस्ताद लांब चिमटे बनवायचे. पोटात खोलवर, जिथे सर्जनची बोटं पोचत नाहीत, तिथे टाके घालताना सुई धरणारे चिमटे. प्रत्येक चिमट्याच्या टोकात ते आपल्या हातावरचा एक केस धरून उपटायचे. केस निसटला, की चिमटा ऐरणीवर आणि वरून हातोडा. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता.

एकदा ते तापाने घरी पडले, तेव्हा तुफैल दलालाने बाद चिमटे ठेचू न देता परस्पर गावातल्या इस्पितळाला विकले. बरे होऊन आल्यावर उस्तादांना ते कळलं.

"माझ्या हातच्या मालाने माणसं मारतोस?"

तुफैल हसला. "अहो चाचा, पोटाच्या आत बघायला कोण जातंय?"

उस्तादांच्या हातात मूठ निघालेली कानस होती. तिचं टोकदार शेपूट त्यांनी तुफैलच्या पोटात खुपसलं. रक्त माझ्या तोंडावर उडालं.

इस्पितळातही उस्ताद आणि मी, आम्हीच नेलं त्याला. डॉक्टर घामाघूम झाला. "टाका पडेना! सुई फिरतेय चिमट्यात!" एकामागून एक चार चिमटे त्याने फेकले. चारही तुफैलनेच विकलेले.

उस्तादांनी खिशातून आपला चिमटा काढला, टेबलावरच्या तुफैलच्या मिशीचा एक केस त्यात धरला आणि हिसडला. तुफैल किंचाळला.

"ओरडलास ना? म्हणजे पकड पक्की आहे," उस्ताद म्हणाले. "उकळून घ्या, डॉक्टरसाहेब. आता मरत नाही हा हरामखोर."